बिनतारी गृहजाल : दोष व दोषनिदान

बिनतारी गृहजाल : घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच, मुद्रक इ. साधने तारांवाचून, रेडिओ तरंगांच्या साहाय्याने परस्परांना व इंटरनेटला जोडणाऱ्या व्यवस्थेस बिनतारी गृहजाल म्हणतात. व्यवहारात ही व्यवस्था ‘वायफाय’ या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेची रचना, तिच्यात उद्‌भवणारे दोष, त्यांची कारणे आणि सामान्य माणसाला घरच्या घरी करता येण्याजोगे दोषनिदान यांचा विचार केला आहे.

कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये शाळा, महाविद्यालये व कार्यालये बंद राहिली, तेव्हा अध्यापन, परीक्षा, कार्यालयीन कामकाज व वैद्यकीय सल्ला यांचा मोठा भाग गृहजालांवरून चालला व त्यांतील काही भाग पुढेही तसाच राहिला. जालात खंड पडला, तर विद्यार्थ्याचा तास बुडतो, परीक्षा अर्धवट राहते वा डॉक्टरांशी चाललेले बोलणे मध्येच तुटते. रेडिओ तरंग डोळ्यांना दिसत नसल्याने दोष नेमका कोठे आहे हे सहसा कळत नाही. परिणामी धडधाकट यंत्र टाकून नवे आणले जाते किंवा सेवा पुरविणारी कंपनी बदलली जाते आणि दोष मात्र होता तेथेच राहतो. असा व्यर्थ खर्च व मनस्ताप टाळण्यासाठी यंत्रांच्या माहितीपेक्षाही निदानाचा योग्य क्रम माहीत असणे अधिक उपयोगी पडते.

इतिहास : संगणकांमध्ये रेडिओद्वारे माहितीची देवाणघेवाण करण्याचा महत्त्वाचा आरंभीचा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ‘अलोहानेट’ नावाचे त्यांचे जाल १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे एकच रेडिओ वाहिनी वापरीत. दोन केंद्रांचे संदेश एकाच वेळी निघाल्यास ते एकमेकांवर आदळून निरुपयोगी होत व प्रत्येक केंद्र यदृच्छया ठरविलेल्या कालावधीनंतर आपला संदेश पुन्हा पाठवी. एकच माध्यम अनेकांनी वाटून घेण्याची ही कल्पना आजच्या गृहजालाच्याही मुळाशी आहे.

अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये काही कंप्रता पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स या संस्थेने १९९७ मध्ये ‘८०२.११’ हे पहिले मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगॅबिट माहिती पाठविता येई. १९९९ मध्ये आलेल्या दोन सुधारित मानकांनी ही मर्यादा अनुक्रमे ११ व ५४ मेगॅबिटांवर नेली. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची साधने परस्परांशी जुळावीत म्हणून उत्पादकांची एक संघटना स्थापन झाली व ‘वायफाय’ हे नाव प्रचारात आले. भिंतींवरून परावर्तित होऊन येणाऱ्या तरंगांमुळे होणारा घोटाळा टाळण्याच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओसुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेले कार्य महत्त्वाचे आहे. पुढील मानके २००३, २००९, २०१३ व २०२१ या वर्षी आली आणि एकंदरीत वेग व एकाच वेळी जोडता येणाऱ्या साधनांची संख्या वाढत गेली. भारतात २·४ ते २·४८३५ गिगॅहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. ५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासचे बरेच विस्तृत पट्टे २०१८ च्या नियमांनी त्याच प्रकारे खुले झाले.

रचना व कार्य : गृहजाल ही एक साखळी असून तिचे दुवे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून घरापर्यंत येणारी प्रकाशीय तंतूची अथवा तांब्याची तार, (२) प्रकाशाचे वा विद्युत् संकेतांचे संगणकाला समजणाऱ्या रूपात परिवर्तन करणारी अंत्यपेटी, (३) घरातील साधनांची माहिती बाहेर व बाहेरची माहिती त्या त्या साधनाकडे वळविणारा राउटर, (४) राउटर व साधन यांच्यामधील हवेतील रेडिओ दुवा, (५) साधनातील प्रेषक-ग्राही व आकाशक, (६) साधनाला मिळणारा आंकिक पत्ता, आणि (७) संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आंकिक पत्ता शोधून देणारी नामसेवा. पुष्कळ घरांत अंत्यपेटी व राउटर ही दोन्ही कामे एकच पेटी करते.

साखळीतील कोणताही एक दुवा तुटला, तरी वापरणाऱ्याला ‘इंटरनेट बंद आहे’ असाच एकसारखा अनुभव येतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारे पंख्यासारखे चिन्ह मात्र यांपैकी केवळ चौथ्या दुव्याची, म्हणजे राउटरपासून साधनापर्यंतच्या हवेतील अंतराची स्थिती दर्शविते. हे चिन्ह पूर्ण भरलेले असताना इंटरनेट बंद असणे यात काहीच विसंगती नाही; त्याचा अर्थ एवढाच की, दोष इतर एखाद्या दुव्यात आहे. गृहजालाविषयीचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

कंप्रता पट्टे व वाहिन्या : गृहजालासाठी मुख्यतः २·४ व ५ गिगॅहर्ट्‌झ हे दोन पट्टे वापरतात. यांतील तरंगांची लांबी अनुक्रमे सु. १२·५ सेंमी. व सु. ५ ते ६ सेंमी. असते. काही देशांत ६ गिगॅहर्ट्‌झचा पट्टाही वापरला जातो. कमी कंप्रतेचे तरंग भिंतींतून तुलनेने चांगले पार होतात व दूरवर पोहोचतात. अधिक कंप्रतेचे तरंग लवकर क्षीण होतात, पण त्यांचा पट्टा विस्तृत असल्याने त्यांतून अधिक वेगाने माहिती पाठविता येते.

२·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा १३ वाहिन्यांमध्ये विभागलेला आहे. लगतच्या दोन वाहिन्यांच्या मध्यकंप्रतांमध्ये ५ मेगॅहर्ट्‌झचे अंतर असते. परंतु एका प्रेषणाला सु. २० मेगॅहर्ट्‌झ एवढी रुंदी लागते. त्यामुळे वाहिन्या तेरा दिसत असल्या, तरी परस्परांना न झाकणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच, म्हणजे १, ६ व ११ या क्रमांकांच्या असतात. शेजाऱ्याचा राउटर ६ क्रमांकावर असल्यास आपण ४ किंवा ५ निवडणे हे शहाणपणाचे वाटते, पण वस्तुस्थिती उलट आहे. एकाच वाहिनीवरील दोन राउटर एकमेकांचे संकेत ओळखतात व आळीपाळीने प्रेषण करतात. अंशतः झाकल्या जाणाऱ्या वाहिन्यांवरील राउटरांना मात्र एकमेकांचे प्रेषण केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते व दोघांचेही नुकसान होते.

दोषांची कारणे : (अ) तरंगांचे क्षीणन : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की, पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. घरात याखेरीज भिंती, जमिनी व सामान यांचा अडथळा असतो. संकेताची शक्ती एक मिलिवॉट हे परिमाण धरून डेसिबेलमध्ये मोजतात व ती येथे नेहमी ऋण अंकाने दर्शविली जाते. दर १० डेसिबेलांच्या घटीस शक्ती एक दशांश होते. उणे ५० च्या आसपासचा संकेत उत्तम, उणे ६७ पर्यंतचा दृक्‌श्राव्य संभाषणास पुरेसा, उणे ७५ चा दुर्बळ व उणे ८५ चा जवळजवळ निरुपयोगी समजतात. उणे ६७ म्हणजे मिलिवॉटचा सु. पन्नास लाखावा भाग होय. इतक्या सूक्ष्म शक्तीवर सर्व व्यवहार चालत असल्यामुळे एखाद्या अधिक भिंतीनेही फरक पडतो.

लाकडी दार किंवा पातळ आडपडदा यांतून तरंग सहज पार होतात. विटांची भिंत त्यांना बरेच क्षीण करते, तर लोखंडी सळया असलेले काँक्रीट त्याहूनही अधिक. पोलादी कपाट, शीतकपाट व आरशामागील धातूचा लेप यांवरून तरंग परावर्तित होतात. पाणी त्यांचे शोषण करते, म्हणून पाण्याची टाकी, मत्स्यपेटी व माणसांची गर्दी हेही अडथळेच ठरतात. कोकणातील जांभ्या दगडाच्या जाड भिंती व जुन्या वाड्यांच्या दगडविटांच्या भिंती यांमुळे एका दालनातील संकेत पलीकडच्या दालनात फारच क्षीण होऊन पोहोचतो. भिंतीने ओल धरल्यास शोषण आणखी वाढते.

परावर्तित तरंग मूळ तरंगात मिसळून काही जागी एकमेकांना बळकटी देतात, तर काही जागी एकमेकांना मारक ठरतात. २·४ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगाची अर्धी लांबी सु. ६ सेंमी. असल्याने साधन वीतभर सरकविल्यानेही कधीकधी संकेत सुधारतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राउटरची प्रेषणशक्ती सामान्यतः भ्रमणध्वनीपेक्षा जास्त असते. त्यामुळे दूरच्या खोलीत भ्रमणध्वनीला राउटर ‘ऐकू’ येतो, पण राउटरला भ्रमणध्वनी ऐकू येत नाही. चिन्ह दिसते, पण पान उघडत नाही. अशा ठिकाणी अधिक शक्तीचा राउटर आणूनही उपयोग होत नाही.

(आ) व्यतिकरण : सूक्ष्मतरंग भट्टी सु. २·४५ गिगॅहर्ट्‌झला चालते व तिच्यातून किंचित निसटणारी ऊर्जाही जवळच्या २·४ गिगॅहर्ट्‌झ जालाला बाधक ठरते. ब्लूटूथ साधने, बिनतारी छायाचित्रक, बालकांवर लक्ष ठेवणारी ध्वनियंत्रे हीही याच पट्ट्यात काम करतात. यूएसबी ३ पद्धतीच्या तारा व साठवणपेट्या चालू असताना २·४ गिगॅहर्ट्‌झमध्ये गोंगाट निर्माण करतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत दाखविण्यात आले. ५ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्याच्या काही भागात हवामान व अन्य रडार यंत्रणा चालतात. अनेक देशांच्या नियमांप्रमाणे रडारचा संकेत आढळताच राउटरने ती वाहिनी सोडावी लागते व अशा नव्या वाहिनीवर जाण्यापूर्वी निदान एक मिनिट ती मोकळी असल्याची खात्री करावी लागते. विमानतळाजवळ वा बंदराजवळ अधूनमधून अकारण भासणारा खंड पडतो, त्याचे हे एक कारण असू शकते.

(इ) माध्यमाची वाटणी : एका वाहिनीवर साधारणतः एका वेळी एकच साधन बोलू शकते. बोलण्यापूर्वी प्रत्येक साधन वाहिनी मोकळी आहे का हे ऐकते व थोडे थांबून प्रेषण करते. संकेत दुर्बळ झाल्यास चुका टाळण्यासाठी साधन आपला वेग कमी करते. १०० मेगॅबिट माहिती सेकंदाला १०० मेगॅबिट या वेगाने पाठविण्यास एक सेकंद लागतो, तर ५ मेगॅबिट या वेगाने वीस सेकंद लागतात. तेवढा काळ इतरांना थांबावे लागते. म्हणून दूरच्या खोलीतील एका मंद साधनामुळे संपूर्ण घराचे जाल मंदावलेले आढळते. याचप्रमाणे एखाद्या भ्रमणध्वनीने छायाचित्रांचा मोठा साठा बाहेर पाठविण्यास आरंभ केला की, बाहेर जाणाऱ्या मार्गावर रांग साचते व त्याच वेळी चाललेल्या संभाषणात आवाज तुटू लागतो.

(ई) पत्ते व नामसेवा : राउटर प्रत्येक साधनाला ठरावीक मुदतीसाठी एक खाजगी पत्ता देतो. असे पत्ते सहसा १९२.१६८ किंवा १० या अंकांनी सुरू होतात. राउटरकडून पत्ता न मिळाल्यास अनेक साधने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करतात. तो आढळला की, साधन व राउटर यांच्यामधील बोलणी पूर्ण झालेली नाहीत हे निश्चित समजावे. घरात दोन राउटर असून दोन्ही पत्ते वाटत असतील, तर काही साधनांना चुकीच्या मार्गाचा पत्ता मिळतो व काही साधने चालतात, काही चालत नाहीत, असा चमत्कारिक प्रकार घडतो. वाटण्याजोगे पत्ते संपल्यासही नवे साधन जोडले जात नाही. नामसेवा बंद पडल्यास जाल चालू असूनही एकही संकेतस्थळ नावाने उघडत नाही. साधनावरील दिनांक चुकलेला असल्यास सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अग्राह्य ठरतात व हाही दोष जालाचाच समजला जातो.

(उ) ओळख व सुरक्षितता : जालात प्रवेश देण्यापूर्वी राउटर पासवर्ड, म्हणजेच परवलीचा शब्द, तपासतो. यासाठी १९९७ मध्ये योजलेली डब्ल्यूईपी ही पद्धती भेद्य असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ व २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ या पद्धती आल्या. केवळ नवी पद्धती स्वीकारण्यास राउटरला सांगितले असल्यास जुने साधन बरोबर पासवर्ड देऊनही नाकारले जाते. पासवर्ड बदलल्यावर साधनात जुनाच साठलेला असणे, हे याहूनही नेहमीचे कारण होय. अलीकडील भ्रमणध्वनी आपला यंत्रक्रमांक गुप्त राखण्यासाठी कृत्रिम क्रमांक वापरतात. यंत्रक्रमांकांच्या यादीवरून प्रवेश देणाऱ्या राउटरला असा भ्रमणध्वनी परका वाटतो.

(ऊ) वीजपुरवठा व यंत्रदोष : बहुतेक राउटर १२ व्होल्ट एकदिश दाबावर चालतात व तो पुरविणारा छोटा परिवर्तक भिंतीतील खोबणीत बसविलेला असतो. त्यातील धारित्र जुने झाले की, भार वाढताच दाब घसरतो व राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दिवे लागलेले असल्यामुळे या दोषाची शंका येत नाही. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना पडणाऱ्या क्षणाच्या खंडानेही राउटर नव्याने सुरू होतो व सर्व जोडण्या पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात. बंद कपाटात ठेवलेल्या राउटरची उष्णता बाहेर न गेल्यानेही तो अडखळतो.

दोषनिदानाची पद्धत : निदानाचे दोन मूलभूत नियम आहेत. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम तीन बदल केल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही व परत उद्‌भवल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. दुसरा, राउटर बंद-चालू करण्यापूर्वी त्याची स्थिती पाहून घ्यावी, कारण बंद केल्याबरोबर दिव्यांवरील पुरावा नाहीसा होतो. यानंतर पुढील क्रमाने तपासणी करावी.

(१) व्याप्ती ठरविणे : दोष एकाच साधनात आहे की सर्व साधनांत, एकाच खोलीत आहे की सर्व घरात, ठरावीक वेळी येतो की सदैव असतो, हे प्रथम पाहावे. एकच साधन बिघडले असेल, तर राउटरला हात लावण्याचे कारण नाही. त्या साधनातील जालाची नोंद पुसून ते पुन्हा जोडावे. सर्वच साधने बंद असतील, तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे.

(२) दिवे पाहणे : प्रकाशीय तंतूच्या अंत्यपेटीवर प्रकाशसंकेत नसल्याचे दर्शविणारा तांबडा दिवा लागलेला किंवा लुकलुकत असल्यास दोष सहसा घराबाहेरील तंतूत किंवा तो पेटीत खोचण्याच्या जागी असतो. अशा वेळी घरातील कोणत्याही फेरफाराने उपयोग होत नाही. तक्रार नोंदविणे हाच उपाय होय. तंतूच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये, कारण त्यातील अवरक्त लेसर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु अपायकारक ठरू शकतो. तंतूला तीव्र बाक देणेही टाळावे.

(३) तारेने जोडून पाहणे : संगणक राउटरला तारेने जोडावा. तारेवरही दोष कायम राहिला, तर बिनतारी भाग निर्दोष ठरतो. तारेवर सर्व सुरळीत चालले, तर बाहेरील मार्ग निर्दोष ठरतो. या एका चाचणीने साखळीचा निम्मा भाग संशयातून मुक्त होतो, म्हणून ती सर्वांत मोलाची समजली पाहिजे. मात्र तार स्वतः सुस्थितीत असावी. सेकंदाला १,००० मेगॅबिट वेगासाठी तारेतील चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटल्यास वेग १०० मेगॅबिटांवर येतो.

(४) जवळ जाऊन पाहणे : साधन राउटरपासून दोनतीन मी. अंतरावर, मध्ये भिंत नसेल असे, आणावे. येथे जाल नीट चालून मूळ खोलीत बिघडत असेल, तर कारण क्षीणन किंवा व्यतिकरण हे आहे. येथेही बिघडत असेल, तर पत्ता, पासवर्ड किंवा यंत्र यांचा विचार करावा.

(५) पत्ता व प्रतिसाद तपासणे : साधनाला मिळालेला पत्ता प्रथम पाहावा. नंतर ‘पिंग’ ही चाचणी घ्यावी. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ञांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा कार्यक्रम दुसऱ्या यंत्राकडे लहानसा संदेश पाठवून त्याचे उत्तर येण्यास लागणारा वेळ मोजतो. आधी राउटरच्या पत्त्यावर, मग बाहेरील एखाद्या आंकिक पत्त्यावर व शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावावर ही चाचणी करावी. राउटरच उत्तर देत नसेल, तर दोष घरातच आहे. राउटर उत्तर देतो, पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष सामान्यतः अंत्यपेटीत, राउटरच्या बाहेरील जोडणीत किंवा कंपनीच्या मार्गावर असतो. आंकिक पत्ता उत्तर देतो, पण नाव देत नाही, तर नामसेवा बिघडली आहे. साधनात किंवा राउटरमध्ये दुसरी नामसेवा नेमल्यास काम भागते. राउटरकडून येणारे उत्तर सामान्यतः काही सहस्रांश सेकंदांत मिळते. ते कधी पाच, तर कधी पाचशे सहस्रांश सेकंद घेत असल्यास किंवा शंभरांतील बरीच उत्तरे गहाळ होत असल्यास हवेतील दुवा सदोष समजावा.

(६) शक्ती व गर्दी मोजणे : भ्रमणध्वनीवर अथवा संगणकावर चालणाऱ्या विश्लेषक कार्यक्रमाने प्रत्येक खोलीतील संकेताची शक्ती व आसपासच्या जालांच्या वाहिन्या पाहाव्यात. दोष ज्या वेळी येतो त्याच वेळी हे मापन केले पाहिजे. सकाळी मोकळी असलेली वाहिनी रात्री शेजारच्या घरांमुळे गजबजलेली असू शकते.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हा क्रम स्पष्ट होईल. तीन खोल्यांच्या एका घरात मागील खोलीतून रात्री आठ ते दहाच्या दरम्यान दृक्‌श्राव्य संभाषण वारंवार तुटते. दिवसा त्रास नसतो. घरच्यांना कंपनीची रात्रीची सेवा मंद असल्याची शंका येते. रात्री नऊ वाजता संगणक राउटरला तारेने जोडला असता संभाषण अखंड चालते. म्हणजे कंपनीचा मार्ग निर्दोष आहे. राउटरजवळ बसून तारेवाचून केलेले संभाषणही नीट चालते. म्हणजे राउटर व साधन निर्दोष आहेत. मागील खोलीत शक्ती उणे ७८ आढळते व राउटरला पाठविलेल्या शंभर संदेशांपैकी वीस गहाळ होतात. तेथे ५ गिगॅहर्ट्‌झचा संकेत पोहोचतच नाही व साधन २·४ गिगॅहर्ट्‌झच्या वाहिनीवर उतरलेले असते. रात्री त्याच वाहिनीवर शेजाऱ्यांची अनेक जाले चालू असतात. दिवसा दुर्बळ संकेतही गर्दीअभावी निभावून जात होता. दिवाणखान्यात पोलादी कपाटामागे ठेवलेला राउटर मधल्या बोळात उंचावर बसविल्यावर मागील खोलीतील शक्ती उणे ६६ होते, ५ गिगॅहर्ट्‌झचा संकेत मिळू लागतो व दोष नाहीसा होतो. कंपनी बदलली असती, तर या दोषावर काहीच परिणाम झाला नसता.

उपाय : राउटर घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या किंवा अधिक उंचीवर, मोकळ्या जागी व धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवावा. बाहेरील तार जेथून घरात आली त्याच कोपऱ्यात तो ठेवण्याची प्रथा सोयीची असली, तरी बहुतेक दोषांचे मूळ तीच असते. उभ्या आकाशकाचे तरंग मुख्यतः आडव्या दिशेने पसरतात; एकाच मजल्यासाठी तो उभाच ठेवावा व वरील मजल्यासाठी दोहोंपैकी एक आडवा करून पाहावा. २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात २० मेगॅहर्ट्‌झ रुंदी व १, ६, ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीची वाहिनी निवडावी. जवळच्या साधनांना ५ गिगॅहर्ट्‌झ पट्टा द्यावा. काही स्वयंचलित दिवे, पंखे इ. साधनांना केवळ २·४ गिगॅहर्ट्‌झ समजते; त्यांना जोडताना दोन्ही पट्ट्यांना निरनिराळी नावे दिल्यास अडचण दूर होते. जागेवरून न हलणारी साधने, उदा., दूरचित्रवाणी संच व मेजावरील संगणक, तारेने जोडल्यास हवेतील गर्दी आपोआप कमी होते.

मोठ्या किंवा जाड भिंतींच्या घरात एक राउटर पुरत नाही. अशा ठिकाणी दुसरे प्रवेशकेंद्र तारेने जोडणे हा सर्वोत्तम उपाय होय. नेहमीच्या तांब्याच्या जालतारेने १०० मी. पर्यंत अंतर चालते. या दुसऱ्या केंद्राचे पत्ते वाटण्याचे काम मात्र बंद ठेवावे. तार नेणे शक्य नसल्यास पुनःप्रेषक वापरतात. एकच रेडिओ असलेल्या पुनःप्रेषकाला प्रत्येक संदेश एकदा ऐकावा व एकदा सांगावा लागत असल्याने उपलब्ध वेग जवळजवळ निम्मा होतो. तो संकेत मृत झालेल्या जागी नव्हे, तर संकेत अद्याप चांगला असलेल्या मधल्या जागी बसवावा.

बंद-चालू करण्याचा उपाय पुष्कळदा गुणकारी ठरतो. वीज तोडून सु. अर्धा मिनिट थांबावे, प्रथम अंत्यपेटी सुरू करून तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत व मग राउटर सुरू करावा. मात्र हा उपाय रोज करावा लागत असेल, तर परिवर्तक, उष्णता अथवा राउटरमधील जुना कार्यक्रम यांची तपासणी करावी. समान दाबाचा व पुरेशा प्रवाहक्षमतेचा दुसरा परिवर्तक लावून पाहणे ही स्वस्त चाचणी आहे. वीज वारंवार जात असल्यास राउटर व अंत्यपेटी यांच्यासाठी लहान विद्युत् घटमालेची सोय करता येते. राउटरच्या मागील बारीक छिद्रातील कळ दाबणे ही गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तिने जालाचे नाव, पासवर्ड व कंपनीने भरलेली जोडणीची माहिती असे सर्व काही पुसले जाते, म्हणून ही माहिती लिहून ठेवल्याखेरीज ती कळ दाबू नये.

त्रास होतो म्हणून जाल पासवर्डवाचून खुले ठेवणे धोक्याचे आहे. परक्या व्यक्तीने त्या जालावरून केलेल्या कृत्याचा माग प्रथम जोडणीधारकापर्यंतच येतो. निदानाकरिता सुरक्षितता तात्पुरती शिथिल केली, तर चाचणी संपताच ती पूर्ववत करावी. तक्रार नोंदविताना दोषाची तारीख व वेळ, दिव्यांची स्थिती, तारेने केलेल्या चाचणीचा निष्कर्ष व पिंग चाचणीतील अंक सांगितल्यास दोष घरात आहे की बाहेर हा वाद उरत नाही व दुरुस्तीस येणाऱ्या कारागिराचाही वेळ वाचतो. घराबाहेरील तंतू, खांब व केंद्र यांतील दोष गृहस्थाच्या हाती नसतात. पण दोष तेथे आहे हे निश्चितपणे दाखवून देणे त्याच्या हाती असते.